सुई मधोमध, विमान भलतीकडे

न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळावर ढग खाली उतरले आहेत. ईशान्येकडून २२ डावी ही धावपट्टी धरायची आहे. सेसना १७२ च्या रेडिओवर ११०.९० ही फ्रिक्वेन्सी लावलेली आहे, ऑटोपायलट चालू आहे, आणि उभी सुई तबकडीच्या अगदी मधोमध आहे. पायलट हळूहळू उंची कमी करतो. पाचशे फुटांवर ढग संपतात तेव्हा खाली क्वीन्समधल्या घरांच्या रांगा दिसतात आणि धावपट्टी कुठल्या कुठे डावीकडे राहिलेली असते. हे सगळं घरातल्या टेबलावर, संगणकाच्या पडद्यावर घडतं, म्हणून कुणाला इजा होत नाही. पण मनाला लागतं, कारण सगळं पुस्तकाबरहुकूम केलेलं असतं.

घरच्या सिम्युलेटरवर उडणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी कधी ना कधी हे वाक्य येतं: आयएलएस चालत नाही. आयएलएस म्हणजे रेडिओच्या सिग्नलवर, सुया बघत धावपट्टीकडे उतरण्याची पद्धत. मग खटपट सुरू होते. ड्रायव्हर बदला, विमान काढून पुन्हा टाका, अख्खा सिम्युलेटर पुन्हा इन्स्टॉल करा. यातलं बरंचसं वाया जातं. ‘चालत नाही’ या दोन शब्दांत निदान तीन वेगळे आजार असतात. एकात सुई हलतच नाही. दुसऱ्यात हलते, पण भलतीकडे नेते. तिसऱ्यात सुई बरोबर असते आणि ऑटोपायलट तिचं ऐकत नाही. तिघांची औषधं वेगळी आहेत, आणि आधी हा सिग्नल मुळात काय असतो ते समजून घेतलं की कुठलं औषध कुठे द्यायचं हे आपोआप कळतं.

आयएलएसची पद्धत जुनी आहे. २६ जानेवारी १९३८ रोजी वॉशिंग्टनहून निघालेलं पेन्सिल्व्हेनिया सेंट्रल एअरलाइन्सचं बोईंग २४७ हे प्रवासी विमान हिमवादळात पिट्सबर्गला आयएलएसच्या आधाराने उतरलं. अमेरिकेत नेहमीच्या फेरीवरचं विमान असं उतरण्याची ती पहिली वेळ. आज उपग्रह आले, तरी दिल्लीच्या डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात विमानं याच पद्धतीवर उतरतात.

जमिनीवर दोन प्रक्षेपक असतात. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाबाहेर अँटेनांची एक आडवी रांग असते, तिला लोकलायझर म्हणतात. ती डावं-उजवं सांगते. दुसरा प्रक्षेपक धावपट्टीच्या बाजूला, उंबरठ्यापासून आत साधारण तीनशे मीटरवर उभा असतो. तो ग्लाइड स्लोप, म्हणजे उतरणीची तिरपी वाट, बहुतेक ठिकाणी तीन अंशांची. दोघेही हवेत दोन सूर सोडतात, एक ९० हर्ट्झचा आणि एक १५० हर्ट्झचा. धावपट्टीकडे येताना विमान मधल्या रेषेच्या डावीकडे असेल तर ९० चा सूर जोरात पोचतो, उजवीकडे असेल तर १५० चा. तिरप्या वाटेच्या वर असलात तर ९०, खाली असलात तर १५०. विमानातला रिसीव्हर दोन्ही सुरांचा जोर ताडून बघतो आणि फरकाप्रमाणे सुई ढकलतो. दोन्ही सारखे असले की सुई मध्ये.

यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. सुईला फक्त फरक कळतो. दोन्ही सूर जोरात आणि सारखे असले तरी ती मध्ये राहते, आणि दोन्ही सूर नसले तरी मध्येच राहते. म्हणून तबकडीवर एक छोटं लाल निशाण दिलेलं असतं. सूर पुरेसे पोचत नसतील तर ते निशाण बाहेर येतं. सुई वाचण्याआधी निशाण वाचायचं.

आता सिम्युलेटरकडे या. तुमच्या खोलीत कुठलीही रेडिओलहर येत नाही. सिम्युलेटरजवळ जगभरच्या प्रक्षेपकांची यादी असते. विमान कुठे आहे, अँटेना कुठे आहे, तिचं तोंड कोणत्या दिशेला आहे, यांवरून तो कोन काढतो आणि सुई तितकी सरकवतो. एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये ही यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते, कुणीही उघडून बघावी. लोकलायझरची ओळ ४ या आकड्याने सुरू होते. मग अक्षांश, रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, मग फ्रिक्वेन्सी, दशांशचिन्ह काढून, म्हणजे ११०.९० ऐवजी ११०९०. पुढे पल्ला सागरी मैलांत, दिशा, ओळखीची अक्षरं, विमानतळ आणि धावपट्टी. ग्लाइड स्लोपची ओळ ६ ने सुरू होते आणि तिच्यात एक गंमतशीर आकडा असतो, ३००१८०.३४३ असा काहीतरी. पहिल्या तीन अंकांत ३.०० अंशांचा उतार आणि उरलेल्यात १८०.३४३ ही दिशा, दोन्ही एकत्र गुंफलेली. तुम्ही ज्याला सिग्नल म्हणता तो सिममध्ये एवढाच असतो, एक ओळ आणि थोडी भूमिती.

याचा सरळ अर्थ असा की सिममधला दोष दोनच ठिकाणी असू शकतो. एक तर ती ओळ चुकीची आहे, जुनी आहे किंवा नाहीच आहे. नाही तर ओळ ठीक आहे आणि कॉकपिटमध्ये तिच्यापासून सुईपर्यंतच्या रस्त्यात काहीतरी अडलं आहे. माझ्या मते शोध नेहमी कॉकपिटपासून सुरू करावा, कारण दोष बहुधा तिथेच निघतो आणि तिथे बघायला काही उचकटावं लागत नाही. नळाला पाणी आलं नाही की जाणता माणूस तोटी, व्हॉल्व्ह, टाकी या क्रमानेच जातो, तसा इथेही क्रम सोडायचा नाही.

पहिला थांबा रेडिओ. सेसनाच्या रेडिओवर दोन आकडे दिसतात, एक चालू आणि एक राखीव. नॉब फिरवला की राखीव आकडा बदलतो. दुतोंडी बाणाचं बटण दाबल्याशिवाय तो चालू होत नाही. पडद्यावर ११०.९० दिसतंय म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि ते राखीव खिडकीत बसलेलं असतं. लोकलायझरच्या फ्रिक्वेन्सी १०८.१० ते १११.९५ मेगाहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात असतात आणि दशांशाचा पहिला अंक नेहमी विषम असतो. त्यामुळे ११०.८० किंवा ११२.३० लावलं असेल तर ते दुसरंच काहीतरी आहे. ग्लाइड स्लोपची फ्रिक्वेन्सी वेगळी, ३२९ ते ३३५ मेगाहर्ट्झच्या दरम्यानची, पण ती शोधत बसू नका. ती लोकलायझरशी जोडलेली असते आणि आपोआप लागते.

घरी कुणी नॉबांचं पॅनेल बनवलं असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी. तो नॉब पहिल्या रेडिओला जोडलाय की दुसऱ्याला? सेसना १७२ मध्ये हा फरक डोळ्यांना दिसतो. वरच्या तबकडीत उभी आणि आडवी अशा दोन सुया असतात, दुसऱ्या रेडिओच्या खालच्या तबकडीत बहुधा उभी एकटीच. आयएलएस दुसऱ्या रेडिओवर लागलं असेल तर उतरणीची सुई दिसणारच नाही, कारण ती त्या तबकडीत बसवलेलीच नाही.

पुढचा थांबा ओळख. नवखे तो हमखास टाळतात आणि खरा पायलट कधीच टाळत नाही. प्रत्येक लोकलायझर आपलं नाव मोर्समध्ये सतत ऐकवत असतो. आपल्याकडे तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण ते कडकट्ट कॉकपिटमध्ये अजून चालू आहे. केनेडी विमानतळ यासाठी अभ्यासाला उत्तम, कारण तिथे २२ डावी आणि ४ डावी या एकमेकींच्या उलट्या दिशांच्या दोन धावपट्ट्यांना एकच फ्रिक्वेन्सी आहे, ११०.९०. प्रत्यक्षात एका वेळी त्यांतला एकच प्रक्षेपक चालू ठेवतात. २२ डावीचं नाव आय-आयडब्ल्यूवाय, ४ डावीचं आय-एचआयक्यू. ऑडिओ पॅनेलवर पहिल्या नॅव्ह रेडिओचं बटण दाबून कान द्या. दोन्ही नावं ‘आय’ने, म्हणजे दोन टिंबांनी सुरू होतात. त्यानंतर पुन्हा दोन टिंबं आली तर तुम्ही २२ डावीवर आहात, लागोपाठ चार आली तर ४ डावीवर. सिम्युलेटर एका फ्रिक्वेन्सीवरच्या दोन प्रक्षेपकांपैकी कुठला निवडतो हे त्याच्या त्याच्या रचनेवर असतं, आणि तो दुसराच निवडून बसला तर फ्रिक्वेन्सी अचूक असूनही सुई उलटसुलट वागते. तेवढी दोन-चार टिंबं ऐकली तर पुढचा तास वाचतो. एअरबससारख्या विमानात हे ऐकावंही लागत नाही, ओळखलेली अक्षरं मुख्य पडद्यावर खाली डाव्या कोपऱ्यात लिहून येतात. अक्षरं आली नाहीत तर सिग्नल आलेला नाही, मग पुढे काही बघू नका.

मोर्स ऐकू येत नसेल तर साध्या गोष्टी आधी. ॲव्हिऑनिक्सचा मुख्य स्विच चालू आहे का? सिमच्या सेटिंगमध्ये आपोआप बिघाड होण्याचा पर्याय कधी उत्साहात चालू करून ठेवला होता का? विमान पल्ल्याच्या आत आहे का? लोकलायझर मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दहा अंशांत साधारण २५ सागरी मैलांपर्यंत मिळणं अपेक्षित असतं, अमेरिकेत १८. ग्लाइड स्लोप त्याहून कमी, दहा मैल. चाळीस मैलांवरून सुईची वाट बघण्यात अर्थ नाही. आणि वाटेतलं अंतर सांगणारा बाहेरचा मार्कर वाजला नाही, निळा दिवा लागला नाही, म्हणून घाबरू नका. बऱ्याच विमानतळांवरचे मार्कर काढून टाकलेले आहेत.

नाव ऐकू आलं, पण सुई भलतंच सांगते, तर तिसऱ्या थांब्यावर या. सुरुवातीच्या प्रसंगातला चोर इथेच बसला होता.

आजच्या कॉकपिटमध्ये सुई एक आणि तिचे मालक दोन. ती रेडिओचंही सांगू शकते आणि जीपीएसचंही. गार्मिन ४३० किंवा ५३० मध्ये ‘सीडीआय’ लिहिलेलं बटण असतं, ते दाबलं की जीपीएस आणि व्हीएलओसी अशी अदलाबदल होते. जी१००० मध्ये त्याच नावाचं बटण पडद्याखाली असतं आणि रंगावरून ओळख पटते. सुई जांभळट-गुलाबी असेल तर ती जीपीएसची, हिरवी असेल तर रेडिओची. खऱ्या जी१००० मध्ये काही अटी पुऱ्या झाल्या की हा बदल आपोआप होतो. सिममध्ये त्यावर विसंबू नये. आपल्या सेसनाच्या पायलटने आधी जीपीएसला ‘डायरेक्ट टू’ देऊन विमान केनेडीकडे वळवलं होतं. जीपीएसने विमानतळाच्या मधल्या बिंदूपर्यंत सरळ रेष आखली, सुईने ती रेष इमानेइतबारे दाखवली, आणि ऑटोपायलटने ती धरली. सुई मधोमध होती ती त्या रेषेवर. रेडिओवरचं ११०.९० अगदी बरोबर होतं, पण ते कुणी बघतच नव्हतं. आडवी सुई जागची हलली नव्हती, हीच खूण पुरेशी होती.

एक बारकावा इथे सांगायला हवा, कारण त्यावरून फार गैरसमज आहेत. साध्या तबकडीला असलेला दिशेचा नॉब लोकलायझरवर काही करत नाही. व्हीओआर हा दुसरा रेडिओ-दिशादर्शक वापरताना तो नॉब फिरवून आपण आपली रेष निवडतो, पण लोकलायझरला एकच रेष असते, जमिनीत रोवलेली. नॉब कुठेही असो, सुई तेच सांगणार. मात्र होकायंत्र आणि सुई एकत्र असलेल्या तबकडीत, म्हणजे एचएसआयमध्ये, तो नॉब धावपट्टीच्या दिशेवर आणलाच पाहिजे. नाही आणला तर रेष तिरपी किंवा चक्क उलटी दिसते आणि उजवीकडे वळायचं असताना हात डावीकडे जातो. साध्या तबकडीवरही उलटं वागणं दिसतं, पण फक्त लोकलायझरच्या मागच्या बाजूने येताना किंवा धावपट्टीपासून दूर जाताना. त्या दोन स्थितींत तो दोष नाही.

लाल निशाणाचं महत्त्व आणि त्याच्या मर्यादा दोन्ही दाखवणारी एक खरी घटना आहे, आणि सिमवर उडणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी असं मला मनापासून वाटतं. जुलै २००० मध्ये एअर न्यूझीलंडचं फ्लाइट ६० हे बोईंग ७६७ रात्री सामोआतल्या आपिया इथल्या फालेओलो विमानतळावर उतरत होतं. बांधकामात एक केबल तुटल्याने टॉवरला ग्लाइड स्लोपच्या यंत्राची स्थिती कळत नव्हती, आणि यंत्र देखरेख बाजूला सारलेल्या अवस्थेत राहून गेलं होतं. ते दोन्ही सूर सारख्याच जोराने सगळीकडे सोडत होतं. उंचीप्रमाणे फरक पाडणारा भाग बंद होता. सूर पोचत होते म्हणून लाल निशाण आलं नाही. सूर सारखे होते म्हणून सुई मधोमध. विमान कुठेही असतं तरी ती मधोमधच राहिली असती. ऑटोपायलटने ती खोटी वाट पकडली आणि विमान उतरू लागलं. पण धावपट्टीचं अंतर आणि उंची यांचा मेळ बसत नाही, बाहेरचे दिवेही चुकीच्या जागी आहेत, हे वैमानिकांच्या ध्यानात आलं. त्यांनी पूर्ण जोर देऊन विमान वर घेतलं. तेव्हा ते धावपट्टीच्या सुमारे सहा मैल अलीकडे, चारशे फुटांच्या खाली होतं. पुढच्या खेपेला ग्लाइड स्लोपवर भरवसा न ठेवता ते सुखरूप उतरले.

त्या वैमानिकांना ज्या हिशेबाने वाचवलं तो हिशेब घरीही करता येतो. तीन अंशांच्या उतारावर प्रत्येक सागरी मैलाला सुमारे ३१८ फूट उंची कमी होते. धावपट्टीपासूनचं अंतर गुणिले तीनशे, त्यात थोडी भर, त्यात विमानतळाची उंची. केनेडीची धावपट्टी जवळजवळ समुद्रसपाटीलाच आहे, तेव्हा सहा मैलांवर तुम्ही दोन हजार फुटांच्या आसपास असायला हवं. असाल आणि तरीही आडवी सुई तळाशी किंवा टोकाला चिकटलेली असेल, तर संशय यादीतल्या ओळीवर घ्या. आणि तीन हजारांवर असाल, तर सुई खरं बोलते आहे, चूक उंचीची आहे.

उंचीची चूक कशी होते? सर्वात नेहमीचं कारण म्हणजे उंचीमापकावर त्या ठिकाणचा हवेचा दाब लावलेला नसणं. दहा हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे सुमारे २७० फूट. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये की-बोर्डवरचं ‘बी’ दाबलं की हा दाब आपोआप लागतो. आयएलएसला उंचीमापकाशी काही देणंघेणं नसतं, पण तुम्ही ज्या उंचीवर तिरप्या वाटेची वाट बघत उभे असता ती उंची मात्र त्यावरच ठरते. शेकडो फूट वर राहिलात तर वाट तुमच्या पोटाखालून निघून जाते.

आणि म्हणूनच ही वाट खालून गाठायची असते. विमान सरळ उडत असतं, आडवी सुई वर असते, मग ती हळूहळू खाली येत मध्यावर येते, आणि त्या क्षणी उतरायला सुरुवात होते. यामागे रिवाज नाही, भौतिकशास्त्र आहे. जमिनीवरून परावर्तित होणाऱ्या लहरींमुळे खऱ्या तीन अंशांच्या वाटेखेरीज वर, नऊ अंशांच्या आसपास, खोटी वाटही तयार होते. खालून येणाऱ्याला पहिली भेटते ती खरी. सिममध्ये तयार फ्लाइट निवडून विमान थेट शेवटच्या टप्प्यावर, हवेत, सुरू केलं तर पुष्कळदा ते वाटेच्या वरच असतं. मग ऑटोपायलट ग्लाइड स्लोप पकडत नाही, आणि आपण दोष रेडिओला देतो.

ऑटोपायलटच्या तक्रारी खरं तर वेगळ्याच जातीच्या. दोन्ही सुया हव्या तशा हलत असतील तर सिग्नलचा प्रश्न मिटला, आता बटणांचा उरला. बहुतेक ऑटोपायलट आधी लोकलायझर धरतात आणि तो धरल्यावरच ग्लाइड स्लोपला हात घालतात. धावपट्टीच्या रेषेला काटकोनात, तेही तीन मैलांवर येऊन ‘अप्रोच’चं बटण दाबलं तर विमान रेष ओलांडून पलीकडे जाणारच. तीस अंशांच्या आतल्या कोनात, दहा-बारा मैलांवर, वेग आवरून रेष धरावी. बोईंग ७३७ मध्ये दोन ऑटोपायलटनी मिळून आपोआप उतरायचं असेल तर फ्रिक्वेन्सी दोन्ही रेडिओंवर आणि दिशा दोन्ही खिडक्यांत लागते. एकाच बाजूला लावली तर दुसरा ऑटोपायलट सामील होत नाही. एअरबस ए३२० मध्ये उड्डाणाच्या संगणकात योग्य अप्रोच भरलेला असला की फ्रिक्वेन्सी आपोआप लागते, पण पडद्यावर सुयांच्या जागी असणारे हिरे दिसायला ‘एलएस’चं बटण दाबावं लागतं. फ्रिक्वेन्सी बरोबर, ओळख बरोबर, आणि हिरेच नाहीत, हा एअरबसवाल्यांचा ठरलेला गोंधळ त्या एका बटणाने सुटतो.

जवळ आल्यावर सुई थरथरते, उड्या मारते, याला तर दोष म्हणूच नये. सुई मीटर मोजत नाही, कोन मोजते. उभी सुई टोकाला जायला साधारण अडीच अंश पुरतात. अँटेनापासून दहा मैलांवर अडीच अंश म्हणजे आठशे मीटर, धावपट्टीच्या उंबरठ्यावर तेच जेमतेम शंभर मीटर. आडवी सुई आणखी नाजूक, ०.७ अंशात टोक गाठते. अँटेनापासून एका मैलावर ते फक्त बावीस-तेवीस मीटर होतात. दूरवर जसा हात फिरवला तसाच जवळ फिरवला तर सुई हातात राहणार नाही.

आता टाकीकडे, म्हणजे त्या यादीकडे. जगभरची विमान-दळणवळणाची माहिती दर २८ दिवसांनी अधिकृतपणे बदलते, त्या चक्राला एआयआरएसी म्हणतात. सिमच्या याद्या त्याच्या मागे धावत असतात. फ्लाइट सिम्युलेटर एक्स ऑक्टोबर २००६ मध्ये बाजारात आला, त्यामुळे २००८ साली सुरू झालेला बेंगळुरूचा देवनहळ्ळी विमानतळ त्याच्या मूळ यादीत असणं शक्यच नव्हतं. गोव्याचा मोपा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला, तेव्हा ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या सिमच्या मूळ आवृत्तीला तो माहीत नव्हता. त्यात दाबोळी आणि मोपा यांचे संकेतही सख्ख्या भावंडांसारखे, व्हीओजीओ आणि व्हीओजीए. एका अक्षराच्या गफलतीत भलत्याच विमानतळाचा उतरणीचा तक्ता हातात येतो. पृथ्वीचा चुंबकीय उत्तर ध्रुव सरकतो म्हणून धावपट्ट्यांची नावंही बदलतात. लंडनजवळच्या स्टॅनस्टेडची ०५/२३ ही धावपट्टी २००९ मध्ये ०४/२२ झाली. जुन्या सिममध्ये नवा तक्ता घेऊन बसलं की नाव जुळत नाही आणि माणूस चक्रावतो.

यापेक्षा त्रासदायक प्रकार म्हणजे दोन याद्या एकमेकींशी भांडतात. नेव्हिग्राफसारख्या सेवेकडून विमानातल्या संगणकाची यादी अद्ययावत केलेली असते, आणि सिमच्या जगातला प्रक्षेपक जुन्याच जागी, जुन्याच फ्रिक्वेन्सीवर उभा असतो. विमानाचा संगणक एक फ्रिक्वेन्सी लावतो आणि तिथे कुणीच बोलत नसतं. किंवा विमानतळाचं नवं देखणं दृश्य टाकलं जातं, त्यात धावपट्टी काही मीटर सरकवलेली असते, लोकलायझर मात्र मूळ जागीच. मग विमान रेषेवर अचूक येऊन गवतात उतरतं. फ्लाइट सिम्युलेटर एक्सच्या घराण्यात आयएलएसची माहिती विमानतळाच्या दृश्याच्या फाइलमध्येच असते, त्यामुळे एकाच विमानतळाच्या दोन फायली राहून गेल्या की दोन आयएलएस एकमेकांवर चढतात. लिटल नॅव्हमॅप हा मोफत प्रोग्राम अशा वेळी फार कामाचा. तो सिमच्या स्वतःच्या फायली वाचून नकाशावर लोकलायझरचं पिस दाखवतो. छापील तक्त्यात काय आहे हा प्रश्नच नाही, तुमच्या सिमला काय माहीत आहे ते त्यात दिसतं. पिस धावपट्टीच्या रेषेत नसेल तर दोष सापडला.

पण पिस तिरकं दिसलं की लगेच दुरुस्तीला लागू नका. हाँगकाँगचा जुना काई ताक विमानतळ ६ जुलै १९९८ रोजी बंद झाला, तरी सिमवाल्यांनी तो अजून जिवंत ठेवला आहे. तिथल्या १३ क्रमांकाच्या धावपट्टीचा बीम धावपट्टीकडे जात नसे. तो लाल-पांढऱ्या चौकटी रंगवलेल्या टेकडीकडे जाई, आणि वैमानिकाने टेकडी दिसल्यावर हाताने उजवीकडे सुमारे ४७ अंश वळून उतरायचं असे. तिथे ऑटोपायलट टेकडीकडे निघाला तर सिम अगदी बरोबर आहे. लंडन सिटीचा उतार साडेपाच अंशांचा आहे, तिथे तीनशे फुटांचा हिशेब लावला तर सुई खोटी वाटेल. तक्त्यावर उतार आणि दिशा छापलेल्या असतात, त्या आधी वाचाव्यात. आणि तक्ता आयएलएसचाच आहे ना, हेही. २८ एप्रिल २०२२ रोजी इंडिगोचं एटीआर ७२ राजस्थानातल्या किशनगढला ‘गगन’ या भारतीय उपग्रहप्रणालीच्या आधाराने उतरलं. अशा उपग्रहावरच्या उतरणीतही पडद्यावर तसेच दोन हिरे दिसतात, पण तिथे लोकलायझर नसतो आणि रेडिओवर लावायची फ्रिक्वेन्सीही नसते. अप्रोचच्या यादीत ‘आरएनएव्ही’ निवडून मोर्सची वाट बघणारे बरेच भेटतात.

बारामती, गोंदियासारख्या ठिकाणी उड्डाण शिकणारी मुलं संध्याकाळी खोलीवर हीच पद्धत घोटत असतात. घरच्या सिमचे तास लॉगबुकात धरले जात नाहीत, पण ओळख ऐकायची सवय तिथे लागते ती खऱ्या विमानात टिकते.

एवढं करूनही कोडं सुटलं नाही तर चाचणी एकच. वारा शून्य करा, हवा स्वच्छ करा, जोडलेली सगळी दृश्यं आणि विमानं बाजूला ठेवा, आणि सिमबरोबर आलेलं साधं सेसना घेऊन धावपट्टीपासून बारा मैलांवर, मधल्या रेषेवर, दोन हजार फुटांवर ती फ्लाइट साठवून ठेवा. तिथून हाताने उडा. सुया नीट चालल्या तर एकेक जोडणी परत टाका आणि प्रत्येक वेळी तीच साठवलेली फ्लाइट उघडा. ज्या जोडणीनंतर सुई बिघडेल तिच्यात दोष. साध्या सेसनातही सुया हलल्या नाहीत, नाव ऐकू आलं नाही, तर यादीची फाइल उघडून त्या विमानतळाचा संकेत शोधा आणि ४ व ६ ने सुरू होणाऱ्या ओळी तिथे आहेत का ते बघा.